नाताळच्या सुट्टीत ऐनवेळी मिळालेली गुलमर्गची खोली

मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी लागायला जेमतेम नऊ दिवस उरले असताना आम्ही स्कीइंगसाठी गुलमर्गला जायचे ठरवले आणि खोली शोधण्याचे काम ठाण्यात नौपाड्यातील एका लहानशा प्रवास कार्यालयाकडे सोपवले. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील त्या गावात हॉटेले मोजकीच असल्यामुळे या दिवसांत जागा मिळणे कठीण आहे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, आणि तो स्पष्टपणा मला आवडला.

दोन दिवसांनी ‘गुलमर्गमध्येच’ म्हणून त्यांनी जी खोली दिली, ती मात्र सुमारे १३ किलोमीटर खाली, तंगमर्गला निघाली. कागदावर हे अंतर किरकोळ वाटते. परंतु बर्फ पडल्यावर त्या घाटात चाकांना साखळ्या बांधलेली स्थानिक गाडीच करावी लागते. रोज सकाळी तिचे भाडे ठरवण्यात आमचा तासभर जाई, आणि आम्ही वर पोहोचेपर्यंत गोंडोलासमोर (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेसमोर) भलीमोठी रांग लागलेली असे.

खोलीबद्दल मात्र तक्रार नाही. खोली गरम ठेवणारी बुखारी (काश्मिरी शेगडी) रात्रभर धगधगत असे आणि तिच्याभोवती दोरीवर टांगलेले मुलांचे ओले हातमोजे सकाळपर्यंत खडखडीत वाळत. (नळाला गरम पाणी सकाळी दोनच तास येई, पण ठाणेकरांना वेळ ठरवून येणाऱ्या पाण्याची सवय असते.)

परतल्यावर भाड्यातील फरक मागितला, तेव्हा कार्यालयाने आधी टाळाटाळ केली आणि तीन फेऱ्यांनंतर निम्मी रक्कम परत दिली. त्यांच्याकडे जायचेच असेल, तर हॉटेलचे नाव व पूर्ण पत्ता पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.