जॅक लंडनच्या युकॉन कथा: फुकट मिळतात, पण प्रत कोणती घ्यायची आणि सुरुवात कुठून करायची?

कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनसारख्या निर्जन, बर्फाळ रानातल्या थरारक कथा वाचायच्या असतील तर सुरुवात जॅक लंडन या अमेरिकन लेखकापासून करावी, हे मत आधीच सांगून टाकतो. या मुलखावर नंतर ढिगाने पुस्तकं आली. पण थंडी, भूक आणि अंतर यांचा हिशेब मांडून वाचणाऱ्याचा श्वास अडकवायची हातोटी त्याच्याइतकी फार थोड्यांना साधली. पारा किती उतरलाय, आगकाड्या किती उरल्यात, कुत्री किती, काडतुसं किती, मुक्काम अजून किती लांब, हे आकडे तो सहज बोलता बोलता सांगून जातो आणि पुढचा सगळा ताण त्यांच्यावरच उभा करतो. वाचताना ते डोक्यात धरले तर कथा अंगावर येते. भराभर पानं उलटली तर थंडीत अडकलेल्या कुणा माणसाची गोष्ट, एवढंच हाती लागतं.

लंडन १९१६ साली गेला, त्यामुळे भारतात त्याचं सगळं लेखन हक्कमुक्त आहे आणि एक पैसाही खर्च करायची गरज नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या हक्कमुक्त पुस्तकांच्या संकेतस्थळावर ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ २१५ क्रमांकाला आणि ‘व्हाइट फँग’ ९१० क्रमांकाला आहे. कथा मात्र संग्रहाच्या नावाने शोधाव्या लागतात: ‘द सन ऑफ द वुल्फ’, ‘चिल्ड्रन ऑफ द फ्रॉस्ट’, ‘लव्ह ऑफ लाइफ’ आणि ‘लॉस्ट फेस’. ईपब फाइल उतरवली की फोनवरच्या कुठल्याही वाचन अ‍ॅपमध्ये उघडते, किंडल असेल तर ‘सेंड टू किंडल’ने पाठवता येते. ‘समग्र जॅक लंडन’ अशा नावाच्या स्वस्त ई-आवृत्त्या टाळाव्यात. अनेकींची अनुक्रमणिका धड नसते, कथा कुठल्या संग्रहातली आणि कुठल्या सालची ते कळत नाही, आणि हजारो पानांत हवी ती गोष्ट शोधतानाच उत्साह संपतो.

छापील प्रत हवी असेल तर संक्षिप्त आवृत्तीपासून सावध राहा. मुलांसाठी कापलेल्या आवृत्त्यांवर ‘संक्षिप्त’ हा शब्द बारीक टायपात असतो किंवा नसतोच. ओळखायची सोपी खूण अशी: ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये सात प्रकरणं हवीत आणि पहिल्या प्रकरणाच्या डोक्यावर चार ओळींचं पद्य हवं. पद्य गायब असेल तर कात्री बरीच फिरली आहे असं धरून चाला. ‘व्हाइट फँग’चे पाच भाग आणि मिळून पंचवीस प्रकरणं असतात. मराठी अनुवाद घेतानाही दुकानात उभ्या उभ्या प्रकरणं मोजून घ्यावीत.

याहून मोठी फसगत ‘टू बिल्ड अ फायर’ या कथेत होते, कारण त्या नावाच्या दोन कथा आहेत. पहिली १९०२ साली ‘द यूथ्स कंपॅनियन’ या मुलांच्या नियतकालिकात आली. तिच्यातल्या माणसाला टॉम व्हिन्सेंट असं नाव आहे, सोबत कुत्रा नाही आणि सूर उपदेशाचा आहे. दुसरी १९०८ साली ‘सेंच्युरी’ मासिकात आली आणि १९१० च्या ‘लॉस्ट फेस’मध्ये गेली. तिच्यात माणसाला नाव नाही, कुत्रा आहे, आणि शेवट वेगळा आहे. जिची कीर्ती आहे ती ही दुसरी. पहिल्या पानावर टॉम व्हिन्सेंट भेटला तर फाइल बंद करा आणि ‘लॉस्ट फेस’ उघडा. दुसरी वाचून झाल्यावर पहिली जरूर वाचावी. तोच लेखक तीच कल्पना सहा वर्षांनी पुन्हा हातात घेऊन तिच्यातलं काय काय काढून टाकतो, ते दोन्ही शेजारी ठेवल्यावर स्वच्छ दिसतं.

वाचायला बसण्याआधी तापमानाचं गणित जमवून ठेवावं. कथांमधले सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत. उणे चाळीसला दोन्ही मापं सारखीच, तिथून खाली उणे ५० फॅरनहाइट म्हणजे उणे ४६ सेल्सिअस, उणे ६० म्हणजे उणे ५१ आणि उणे ७५ म्हणजे उणे ५९. ‘१०७ डिग्रीज ऑफ फ्रॉस्ट’ असा उल्लेख आला की बरेच वाचक गोंधळतात. फॅरनहाइटमध्ये पाणी ३२ ला गोठतं, त्याखाली १०७ अंश म्हणजे उणे ७५. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी होते अशा प्रदेशातल्या वाचकाला हा आकडा अतिशयोक्ती वाटेल, पण तो तसा नाही. युकॉनमधल्या स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ सेल्सिअसच्या आसपास नोंद झालेली आहे.

आता प्रत्यक्ष कथा. ‘टू बिल्ड अ फायर’ साधारण सात हजार शब्दांची आहे, पाऊण-एक तासात होते आणि एका बैठकीतच वाचावी. एक नवखा माणूस संध्याकाळी सहापर्यंत साथीदारांच्या तळावर पोचायचं ठरवून हेंडरसन क्रीक या ओढ्याच्या काठाने एकटा निघतो. उणे पन्नासला थुंकी बर्फावर पडून तडकते हे त्याला माहीत असतं. इथे ती हवेतच तडकते. धोक्याची पहिली सूचना एवढीच. ती वाचकाला कळते, माणसाला नीटशी कळत नाही, आणि इथून पुढे कथा या दोघांमधल्या अंतरावर चालते.

ओढा तळापर्यंत गोठलेला असला तरी डोंगराच्या कुशीतून येणारे झरे कडाक्याच्या थंडीतही गोठत नाहीत. ते बर्फाखालून वाहतात, वर पातळ कवच धरतं, त्याखाली पाणी, पुन्हा कवच, असे थर होतात आणि त्यावर हिम पडून सगळं सपाट दिसतं. पाय गेला की भिजला. भिजला की तिथल्या तिथे शेकोटी पेटवून मोजे आणि पादत्राणं वाळवलीच पाहिजेत, नाहीतर पाय गोठतो. पुढच्या परिच्छेदात, पाय भिजल्यावर पेटवलेल्या पहिल्या शेकोटीचं काय होतं ते आहे. ज्यांना आधी कळायला नको त्यांनी तो सोडून द्यावा.

शेकोटी तो स्प्रूस या सूचिपर्णी झाडाखाली करतो. कारण साधं आहे: वाळक्या काटक्या झुडपातून ओढून थेट आगीवर टाकता येतात. पण आठवडेच्या आठवडे वारा नसल्याने वरच्या प्रत्येक फांदीवर हिमाचा पुरता भार साठलाय. एकेक काटकी ओढताना झाडाला न जाणवण्याइतका हिसका बसत राहतो. शेवटी उंचावरची एक फांदी रिकामी होते, तिचं हिम खालच्या फांद्यांवर, त्यांचं आणखी खालच्यांवर, आणि सगळा ढीग आगीवर. चूक त्याचीच, शेकोटी उघड्यावर करायला हवी होती, असं लंडन सांगतो. काटकी ओढणं आणि हिम कोसळणं यांतला कार्यकारणभाव तो इतका शांतपणे मांडतो की दोष माणसाचा असूनही तो आरोप वाटत नाही. या परिच्छेदासाठी कथा दुसऱ्यांदा वाचावी.

भावनेच्या बाजूने सगळ्यात खोल जाणारी कथा माझ्या मते ‘द लॉ ऑफ लाइफ’. १९०१ सालची, ‘चिल्ड्रन ऑफ द फ्रॉस्ट’मधली, जेमतेम वीस मिनिटांची. टोळी मुक्काम हलवते आणि कोस्कूश या आंधळ्या म्हाताऱ्याला रिवाजाप्रमाणे शेकोटीपाशी ठेवून निघते. शेजारी सरपणाची लहानशी मोळी. काटक्या जितक्या, तितकंच त्याचं आयुष्य, आणि ती मोळी आणखी थोडी मोठी असती, नातीने जरा लक्ष देऊन गोळा केलं असतं तर, असं त्याच्या मनात येतं. मुलगा क्षणभर येऊन डोक्यावर हात ठेवतो आणि विचारपूस करतो. तक्रार नाही, रडारड नाही. हाताने चाचपून मोजलेल्या काटक्या तेवढ्या आहेत.

‘लव्ह ऑफ लाइफ’ (१९०५) यांच्यानंतर घ्यावी. पाय मुरगळलेला माणूस, त्याला मागे टाकून गेलेला जोडीदार, रायफल आहे पण काडतूस नाही, आणि पाठीवर पंधरा पौंड, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास सोनं. त्याच्याकडे ६७ आगकाड्या आहेत. त्या तो तीन-तीनदा मोजतो, तीन वाटे करून तीन ठिकाणी लपवतो आणि घाबरून पुन्हा मोजतो. सोन्याची पिशवी कुठल्या टप्प्यावर किती हलकी होते तिकडे लक्ष ठेवा. माणसाची उतरती अवस्था तीच सांगते. मधला भाग उपासमारीच्या पुनरावृत्तीने लांबल्यासारखा वाटतो. तिथे वाचन सोडू नये, कारण आजारी लांडगा मागे लागल्यानंतरची पानं या लांबणीमुळेच जड होतात.

‘व्हाइट फँग’ (१९०६) अख्खी कादंबरी वाचायची नसेल तरी पहिला भाग, म्हणजे पहिली तीन प्रकरणं, स्वतंत्र कथा म्हणून वाचावीत. शवपेटी लादलेली स्लेज (कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी), बिल आणि हेन्री ही दोन माणसं, सहा कुत्री, तीन काडतुसं आणि मागे भुकेलेले लांडगे. रात्री खायला घालताना मासे वाटून होतात तेव्हा बिलच्या मते कुत्री सात होती. त्या एका चुकलेल्या बेरजेतून जी भीती उभी राहते ती आरडाओरड्याने राहिली नसती. रोज सकाळी मोजणी, रोज एक कमी. भयकथा लिहू पाहणाऱ्याने ही प्रकरणं पेन्सिल घेऊन वाचावीत. अडचण आहे ती संवादांची, कारण दोघांचं बोलणं उच्चाराबरहुकूम मोडक्या स्पेलिंगमध्ये लिहिलंय आणि डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. ते मोठ्याने वाचलं की लगेच उलगडतं. नाहीतर लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर फुकट ध्वनिमुद्रण ऐकावं. वाचणारे स्वयंसेवक आहेत, दर्जा कमी-जास्त असतो, त्यामुळे एकाच पुस्तकाची दोन-तीन मुद्रणं पाच मिनिटं ऐकून मगच निवडावं. कादंबरीचा शेवटचा, कॅलिफोर्नियातला भाग मात्र ढिला आहे. रान संपलं की लंडनची पकडही सुटते.

‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९०३) बद्दल बरंच बोललं जातं, म्हणून एकाच प्रसंगावर थांबतो. पन्नास पौंडांची वीस पोती, एकूण हजार पौंड पिठाने भरलेली स्लेज बक या एकट्या कुत्र्याने शंभर यार्ड ओढायची पैज लागते. थंडी उणे साठ फॅरनहाइट, स्लेजच्या तळाच्या पट्ट्या बर्फाला घट्ट चिकटलेल्या. खरं काम वजन ओढण्याचं नाही, पट्ट्या सुटण्याचं आहे, आणि पैज लावणाऱ्यांचा वादही त्यावरच होतो. ‘जी’ म्हटल्यावर बक उजवीकडे हिसका देतो, पट्ट्यांखाली कडकड आवाज येतो. ‘हॉ’ म्हटल्यावर डावीकडे. पट्ट्या मोकळ्या झाल्यावर मग ‘मश’, म्हणजे चल. हे तीन हुकूम आणि नवख्यासाठी ‘चीचाको’ हा शब्द माहीत असला की शब्दकोशावाचून फारसं अडत नाही. लहान मुलांना देणार असाल तर दुसऱ्या प्रकरणापर्यंत स्वतः आधी वाचा. सोट्याने मारण्याचे आणि कुत्र्यांच्या झुंजीचे प्रसंग थेट आहेत.

सोबत नकाशा ठेवावा. डाया, चिल्कूट खिंड, लेक बेनेट, तिथून युकॉन नदीने व्हाइट हॉर्सचा खळाळता प्रवाह, लेक लाबार्ज, फाइव्ह फिंगर, स्ट्युअर्ट नदीचं मुख आणि डॉसन, एवढी नावं शोधून ठेवली तरी पुरे. लंडन स्वतः १८९७ च्या उन्हाळ्यात सोन्याच्या शोधात या वाटेने गेला, स्ट्युअर्ट नदीच्या मुखाजवळ हिवाळा काढला, हेंडरसन क्रीकवर आपल्या नावे खाणीचा पट्टा नोंदवला आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) हिरड्या सुजल्यावर १८९८ मध्ये नदीमार्गे परतला. सोनं जवळपास मिळालं नाही. ओढ्याची वळणं आणि बर्फाखालचे झरे इतके नेमके का येतात, त्याचं उत्तर या एका हिवाळ्यात आहे.

उणिवाही ठळक आहेत. ‘बळी तो कान पिळी’ हे तत्त्वज्ञान कधी कधी कथेच्या मध्ये येऊन व्याख्यान झोडतं. ‘इन अ फार कंट्री’ची सुरुवात तशी आहे, पण पहिलं पान ओलांडलं की एका खोपटात कोंडलेल्या दोन माणसांत साखरेवरून वाढणारा संशय जबरदस्त रंगलाय. स्त्रिया बहुतेक ठिकाणी नावापुरत्या. मूळ रहिवाशांचं चित्रण त्या काळच्या गोऱ्या माणसाच्या चष्म्यातून आलेलं आहे, आणि ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मधली यीहाट ही टोळी तर निव्वळ काल्पनिक आहे. युकॉनला मिळणाऱ्या क्लॉन्डाइक नदीच्या मुखाशी खरे राहणारे लोक म्हणजे ट्रॉन्डेक ह्वेचिन. सोन्यासाठी उसळलेल्या गर्दीत त्यांना आपली मासेमारीची जागा सोडून नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड इथे जावं लागलं. त्यांच्या या भूमीचा २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. लंडन वाचताना हे माहीत असलं पाहिजे, कारण त्याचं ‘निर्जन’ रान तितकं निर्जन नव्हतं.

सगळं सलग वाचू नये. चार कथा लागोपाठ झाल्या की मृत्यूची सवय होते आणि पाचवी बोथट लागते. ‘टू बिल्ड अ फायर’, मग काही दिवसांनी ‘द लॉ ऑफ लाइफ’, मग ‘लव्ह ऑफ लाइफ’, त्यानंतर ‘व्हाइट फँग’चा पहिला भाग, आणि कुत्र्यांची ओळख झाल्यावर ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’. ‘इन अ फार कंट्री’ यात कुठेही बसते, फक्त शेवटी ठेवू नका.