उघड्या टपाची साब आणि मला घातलेली टोपी

गाडी घेताना फसलेल्या माणसाला सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, "मेकॅनिकला दाखवली नव्हतीस का?" नव्हती. त्या गाडीतलं मेकॅनिकपेक्षा मलाच जास्त कळतं असं मला वाटत होतं. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात, पण लिहितो. मी अडाणी होतो म्हणून फसलो नाही. मला थोडंफार कळत होतं, म्हणूनच फसलो.

२०१३ चा एप्रिल. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहत होतो आणि माझ्या डोक्यात साब शिरली होती. स्वीडनची ही कंपनी मूळची विमानं बनवणारी. गाड्या बीएमडब्ल्यू-मर्सिडीजच्या एक पायरी खालच्या, पण टर्बो इंजिन, उत्तम सीट आणि जरा तिरपं डोकं असलेल्या. रात्री एक बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे बाकीचे दिवे विझतात आणि फक्त स्पीडोमीटर उजळलेला राहतो. असल्या गोष्टींवर जीव टाकणारा एक वर्ग असतो, त्यातलाच मी. जनरल मोटर्सने २०१० मध्ये साब विकून टाकली आणि डिसेंबर २०११ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. साहजिकच जुन्या साबचे भाव कोसळले. जग मूर्ख आहे आणि आपण हुशार, असं वाटायला लावणारी ही वेळ असते.

दोन गाड्या नजरेत होत्या. पहिली २००५ ची ९-३ (हे साबच्या एका मॉडेलचं नाव) सेडान, १७५ हॉर्सपॉवरची, एक लाख अठरा हजार मैल चाललेली. प्रिन्स्टनजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची. किंमत ४,२०० डॉलर. मागच्या दारावर पोचा, ड्रायव्हरच्या सीटचं चामडं उसवलेलं. गृहस्थांनी आधी गाडी दाखवलीच नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिलांची फाइल ठेवली. सिंथेटिक ऑइल किती मैलांनी बदललं, इग्निशन कॉइल कधी गेल्या, मागची स्प्रिंग कधी तुटली, सगळं तारीखवार. मग म्हणाले, "थंडीत गिअर थोडा अडतो, ते मी केलेलं नाही." मी मनात नोंद केली: गाडीत दोष आहे.

दुसरी २००६ ची ९-३ कन्व्हर्टिबल. २१० हॉर्सपॉवर, बासष्ट हजार मैल, गडद निळा रंग, फिकट चामडं, वीस सेकंदांत आपोआप मागे जाणारा कापडी टप. मागितलेली किंमत ७,२००. तशा गाड्यांना तेव्हा नऊ हजार सहज मिळत होते, त्यातून वसंत ऋतू, म्हणजे टप उघडणाऱ्या गाड्यांचा सीझन. एवढी स्वस्त का, हा प्रश्न मला पडला. उत्तरही मीच दिलं: कंपनी बुडाली ना!

फोन केला तेव्हा मी एवढंच म्हणालो की गाडीच्या जाहिरातीबद्दल बोलतोय. पलीकडून आवाज आला, "कोणती?" मग लगेच, "हां हां, साब." ज्याच्याकडे विकायला एकच गाडी असते तो "कोणती" असं विचारत नाही, हे मला नंतर कळलं. तिकडे परवान्याशिवाय गाड्यांचा धंदा करणारे बरेच असतात. ते घरगुती विक्रेत्याचं सोंग आणतात, कारण डीलरकडून गाडी घेतली तर न्यू जर्सीच्या कायद्यानं गाडीचं वय, मैल आणि किंमत बघून ठराविक दिवसांची वॉरंटी द्यावी लागते. खासगी व्यवहारात ती नसते. तेव्हा जुन्या गाडीसाठी फोन कराल तर गाडीचं नाव आधी घेऊ नका. समोरच्याला घेऊ द्या.

भेटायची जागा त्यानं एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये ठरवली. "बायकोला घरी अनोळखी माणसं आवडत नाहीत," असं कारण सांगितलं. चाळिशीचा, बोलका. गाडी त्याच्या मावशीची, पण चार वर्षं तोच चालवत होता म्हणे. बसला, किल्ली घेतली आणि हात स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला नेला. तिथे क्षणभर चाचपडला. मग हसला आणि हात खाली, दोन सीटच्या मधे आणला.

साबची किल्ली दोन सीटच्या मधे लागते, हे साबवाल्याला झोपेतही चुकत नाही. चार वर्षं ती गाडी चालवणारा माणूस किल्लीचं भोक शोधत होता, आणि मी समोर बसून बघत होतो. मला वाटलं, बिचारा गडबडला.

इथून पुढचं नीट वाचा, कारण माझी खरी चूक इथे आहे. आत बसल्यावर कुबट वास आला आणि त्यावर मारलेल्या सेंटचा त्याहून जास्त. मी मनात म्हटलं, कन्व्हर्टिबल आहे, टपाच्या कडेनं पाणी मुरतंच, निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या असतील. एअरबॅगचा दिवा लागलेला होता. सीटखालचा कनेक्टर सैल झाला असणार, हा तर नेहमीचा आजार. उजवी काच रडतखडत वर गेली. साबच्या काचा अशाच! टप अर्ध्यावर एकदा थबकला, तेव्हा हायड्रॉलिक ऑइल कमी असेल असं ठरवून टाकलं. हेडलाइटच्या आत धुकं होतं, त्याला वय कारण. कार्पेट नवंकोरं होतं. ते बघून तर मला आनंद झाला, माणसानं गाडी जपली आहे!

प्रत्येक खुणेला माझ्याकडे वाचून पाठ केलेलं उत्तर होतं. एकेक उत्तर बरोबरही असू शकलं असतं. पण पाच-सहा वेगवेगळे आजार एकाच बासष्ट हजार मैलांच्या गाडीला एकाच वेळी का व्हावेत, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मी बॉनेट उघडून टर्बोच्या पाइपा बघत होतो, डिपस्टिकवरचं ऑइल बोटावर घेऊन चोळत होतो, १९९९ ते २००३ च्या सुमाराच्या साबमध्ये ऑइलचा चिखल व्हायचा पण हे इंजिन त्यातलं नाही, असं त्यालाच ऐकवत होतो. तो मान डोलवत म्हणाला, "तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे." त्या दिवशी तो बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं.

आणि वास. मी २६ जुलै २००५ बघितलेला माणूस आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. कालिन्याला काकांची गाडी बिल्डिंगच्या आवारात टपापर्यंत बुडाली होती. ती पुसून, वाळवून, फवारे मारून पुन्हा उभी केली तेव्हा तिच्यात जो वास होता, तोच हा. नाकानं ओळखला होता. मी त्याला गप्प बसवलं. बायको मात्र गाडीत एक मिनिट बसली आणि उतरली. "ओल्या गोणपाटासारखा वास येतोय. ती मास्तरांची गाडी का नको तुला?" मी तिला टपाचे निचरे समजावून सांगितले.

त्याआधी सहा महिने, २९ ऑक्टोबर २०१२ ला, सँडी वादळानं न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर समुद्र घरांत घुसवला होता. आम्ही स्वतः आठवडाभर विजेविना काढला होता. हजारो गाड्या खाऱ्या पाण्यात बुडाल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. त्यासाठीच पैसे भरून गाडीच्या इतिहासाचा रिपोर्टही काढला. स्वच्छ निघाला. मी निर्धास्त झालो. पण तो रिपोर्ट बनतो कशावरून? विमा कंपनीनं गाडी निकालात काढली, सरकारी कागदावर "पूरग्रस्त" असा शिक्का बसला, तर ते त्यात दिसणार. ज्या गाडीचा क्लेमच झाला नाही, तिचं बुडणं कागदावर घडतच नाही.

आता कागदाचं. तिकडे गाडीच्या मालकीच्या कागदाला टायटल म्हणतात. विकणाऱ्यानं त्याच्या मागच्या बाजूला सही करायची, घेणाऱ्याचं नाव, किंमत आणि मीटरवरचे मैल भरायचे. या टायटलवर एका बाईंचं नाव होतं, मागे त्यांची सही, आणि घेणाऱ्याची जागा कोरी. "मावशीनं सही करून ठेवली आहे, तुम्ही तुमचं नाव भरा." म्हणजे ज्या माणसाच्या हातात मी नोटा दिल्या, त्याचं नाव त्या व्यवहारात कुठेच नाही. कागदावर मी गाडी थेट त्या बाईंकडून घेतलेली.

६,५०० ला ठरलं, रोख. मग तो सहज म्हणाला, "किंमत २,००० लिहा. विक्रीकर ७ टक्के आहे, तुमचे वाचतील." साडेचार हजारांवरचे ३१५ डॉलर. मी माझ्याच पेनानं २,००० लिहिलं. हे लिहिताना हात जड होतोय, पण नाही लिहिलं तर पुढचं कळणार नाही.

पाच आठवडे गाडी छान चालली. टप उघडा टाकून आम्ही समुद्रकिनाऱ्यावरच्या केप मे गावापर्यंत जाऊन आलो, मुली मागे गात होत्या. मग एका पहाटे हॉर्न आपोआप वाजायला लागला. शेजारी जागे, मी पायजम्यात बॅटरीची वायर काढतोय. त्याच आठवड्यात किल्ली अडकली, बाहेरच येईना. नंतर पावसात टप अर्धवट उघडा राहून बंद पडला.

एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे ओढून नेली. तो पूर्वी साबच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये काम करायचा, आणि साबशी बोलणारं 'टेक टू' नावाचं तपासणी यंत्र त्याच्याकडे होतं. यंत्र त्यानं लावलंच नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. नेहमी गुंडाळून आत राहणारा शेवटचा हातभर भाग बाहेर आला. त्यावर आडवी तपकिरी रेघ होती आणि बोट फिरवल्यावर बारीक रेती लागली. मग त्यानं सीटचे बोल्ट दाखवले, गंजलेले. नवं कार्पेट उचललं, खालचा फोम अजून ओला होता. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा-पांढरा थर होता. "समुद्राचं पाणी," तो म्हणाला.

गोड्या पाण्यात बुडालेली गाडी वाळवली तर एखादे वेळी जगते. खारं पाणी तांब्याला सोडत नाही, ते वाळल्यावरही मीठ मागे राहतं आणि दमट हवेत पुन्हा कामाला लागतं. त्यातून साबचं किल्लीचं भोक आणि त्याखालचं इलेक्ट्रॉनिक्स सीटच्या उंचीला, म्हणजे पाणी पहिल्यांदा तिथेच. यातले महत्त्वाचे बॉक्स त्या गाडीपुरते जोडलेले असतात, भंगारातून दुसऱ्या साबचा आणून बसवला तर गाडी त्याला ओळखत नाही. नवा आणून यंत्रानं जुळवावा लागतो. त्यानं हिशेब मांडला, तो गाडीच्या किमतीच्या वर गेला. "आणि एवढं करूनही एअरबॅग वेळेला उघडतील असं मी लिहून देणार नाही." मला केप मेचा रस्ता आठवला आणि मागे गाणाऱ्या मुली.

टायटलवरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. दहा दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. किनाऱ्यालगतच्या गावात राहणाऱ्या, वय झालेल्या. सँडीच्या रात्री गाडी घरासमोर उभी होती, पाणी सीटच्या वर चढलं. त्यांचा विमा फक्त कायद्यानं लागतो तेवढाच. स्वतःच्या गाडीसाठी काही नाही. नोव्हेंबरमध्ये टो ट्रकवाला आला, पाचशे डॉलर देऊन भंगारात नेतो म्हणाला. त्यानं दाखवलं तिथे त्यांनी सही केली. भाचा वगैरे त्यांना कोणी नव्हता. उलट त्यांनीच मला विचारलं, "ती अजून चालते?"

पोलिसांत गेलो. विक्रेत्याचा नंबर बंद झाला होता. अधिकाऱ्यानं टायटलची प्रत वाचली.

"किती दिलेत?"

"साडेसहा हजार."

"इथे दोन लिहिलंय. अक्षर कोणाचं?"

बँकेतून पैसे काढल्याची पावती माझ्याजवळ होती. त्यावरून मी पैसे काढले एवढंच ठरत होतं, दिले कोणाला ते नाही. तक्रार त्यांनी नोंदवून घेतली. पुढे काही झालं नाही.

आपल्याकडेही हेच आहे. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरात, चेन्नईच्या २०१५ च्या पुरात किती गाड्या बुडाल्या, त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून कुठल्या तरी दुसऱ्या गावात उभ्या राहिल्या असणार. जुनी ऑडी, बीएमडब्ल्यू निम्म्याहून कमी भावात दिसली की आरसीवर नाव कोणाचं आणि समोर बसलाय कोण, ते आधी बघा. मालकाला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. आधीच्या वर्षांच्या विम्याचे कागद मागा. मागचा पट्टा ओढा, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा हातानं चाचपा, कार्पेटचा कोपरा उचला, विकणारा "नको नको" म्हणाला तरी. आणि सेंटचा वास जास्त असेल तर तो कशावर मारलाय ते शोधा.

मास्तरांना पुन्हा फोन केला होता. त्यांची सेडान माझ्या नकारानंतर दुसऱ्याच दिवशी गेली होती.

कन्व्हर्टिबल मी "समुद्राच्या पाण्यात बुडालेली" असं पहिल्या ओळीत लिहून विकायला काढली. तीन आठवड्यांनी एक जण ट्रेलर घेऊन आला. टप, दारं, चामडं, चाकं त्याला हवी होती. आला तोच मागच्या दोन्ही सीटचे पट्टे ओढून बघितले, रेघेवरून अंगठा फिरवला आणि नऊशे डॉलर मोजले. मग आत बसला, माझ्याशी बोलता बोलता, खाली न बघता, किल्ली दोन सीटच्या मधे घातली.