जुन्या विटांच्या घरासाठी चुन्याचा मिस्त्री: एकदम बेस्ट काम

हिंगणघाटकडं आमच्या गावात जिनिंगच्या जुन्या क्वार्टरची लाईन आहे, घराला घर चिकटलेलं, मधात एकच भिंत दोघांची. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात कामगारांसाठी अशीच टेरेस घरं, म्हणजे ओळीनं चिकटलेली घरं, गल्लोगल्ली बांधली, 1850 ले तिथला विटांवरचा टॅक्स उठला अन् 1875 च्या पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनंतर रुंद रस्ते, मागं मोकळी जागा हे नियमातच आलं. तिथं समोरच्या भिंतीत बरेचदा विटा रचायचा फ्लेमिश बाँड दिसतो, एकाच थरात एक वीट लांबीनं एक तोंडानं, आमच्या लाईनीत मात्र एक अख्खा थर लांबीचा अन् एक तोंडाचा, म्हणजे इंग्लिश बाँड.

आधी कोणीतरी आमच्या भिंतीच्या सांध्यात सिमेंट भरून ठेवलं होतं, ओल आतच अडकली अन् विटांचे पापुद्रे निघाले. या मिस्त्रीभाऊनं मशीन न लावता छिन्नीनं सांधे मोकळे केले, चुना-रेती भरली, उन्हानं तडकू नये म्हणून ओले पोते लटकवले. काम लय स्लो आहे, पण चुन्याले घाई चालतच नाही बाप्पा. भिंत आता कोरडी आहे. कापसाचा वेचा चालू झाला का त्याले मजूर भेटत नाही, होळीनंतरचं काम असन तर आत्ताच सांगून ठेवा.