समुद्रकाठचं लँडस्केप वर्कशॉप: शिकवणं झकास, वेळापत्रक मात्र हॉटेलचं

आधीच सांगते, ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी डोळे मिटून जा, ज्यांना नुसतं फिरायचंय त्यांनी त्याच पैशात साधी ट्रिप करा. राहणं, जेवण, गाडी, शिकवणं सगळं एकाच पॅकेजमध्ये, सकाळ-संध्याकाळ समुद्राकाठी बसून ऑन द स्पॉट चित्रं काढायची, दुपारी आराम, रात्री सगळ्यांची चित्रं मांडून चर्चा, असा एकूण प्रकार. आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तक्रारीपेक्षा कौतुक जास्त आहे आणि जी तक्रार आहे ती अशा बऱ्याच वर्कशॉप-कम-सहलींना लागू पडेल असं वाटतं.

शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे या पॅकेजमधली सगळ्यात भारी गोष्ट. पहिल्या सत्रात त्यांनी रंगाला हातच लावू दिला नाही. काडेपेटीएवढे चौकोन काढायचे, पेन्सिलनं, आणि त्यात फक्त तीन टोन, उजेड, मधला, गडद, बास. समोर एवढा समुद्र, कडा, धक्का, होड्या आणि आम्ही काय करतोय तर चौकोन घासतोय! एक काका वैतागले, एवढ्या लांब येऊन पेन्सिलच चालवायची का म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "काका, डोळे बारीक करून बघा आणि सांगा, किती होड्या दिसतात?" काकांनी बघितलं, मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं. होड्या वेगळ्या दिसतच नव्हत्या, धक्क्याची सावली, होड्यांचे बुडाकडचे भाग आणि मागचे खडक मिळून एकच मोठा गडद आकार होता आणि वर दोन-तीन उजळ कडा. चित्र तिथंच झालं होतं अर्धं. नंतर कुणी पेन्सिलवरून कुरकुर केली नाही.

उन्हाचं गणितही त्यांनी फार सोपं करून सांगितलं. सूर्य आकाशात तासाला साधारण 15 अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत 30, तेवढ्या वेळात सावल्या कुठच्या कुठे जातात, त्यामुळे एका चित्राला जास्तीत जास्त दोन तास आणि सावल्या आधी टाकून मोकळं व्हायचं. एकदा टाकल्या की परत हलवायच्या नाहीत, समोर काहीही बदलू दे. हे ऐकायला सोपं आहे पण करताना हात शिवशिवतो, कारण तासाभरानं समोरचा कडा आधीपेक्षा सुंदर दिसायला लागतो आणि आपण जुन्या चित्रावर नवा उजेड चढवायला जातो, मग धड हेही नाही नि तेही नाही. फ्रेंच चित्रकार मोने एका वेळी बरेच कॅनव्हास घेऊन बसायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, हे वाचलेलं होतं, पण का ते मला तिथं बसल्यावर कळलं. मॅडमनी आम्हालाही तेच करायला लावलं, दोन कागद, एक पहिल्या तासाचा, एक दुसऱ्या.

समुद्राचा डेमो तर पैसे वसूल होता. आपण सगळे काय करतो, वरपासून खालपर्यंत एकच निळा ओढतो आणि वर पांढऱ्या रेघा मारतो. त्यांनी आधी नुसतं बघायला लावलं. लांबचं पाणी आपल्याला अगदी तिरकं दिसतं म्हणून त्यात आकाश जास्त उतरतं, पायाजवळचं पाणी आपण वरून बघतो म्हणून तिथं पाण्याचा स्वतःचा हिरवेपणा आणि खालची वाळू दिसते. मग जलरंगातल्या अल्ट्रामरीनमध्ये, म्हणजे गडद निळ्यात, किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालून राखाडी निळा केला, क्षितिजाकडून खाली येता येता त्यात हिरवा मिसळत गेल्या, आणि खाली जिथं लाट परतून ओली वाळू राहते तिथं चक्क आकाशाचाच रंग लावला! ओली वाळू आरसा असते हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. पाण्यावर ऊन चमकतं ते करायला पांढरा रंग वापरलाच नाही, रफ म्हणजे खडबडीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून सर्रकन ओढला, कागदाच्या खळग्यांत रंग गेला नाही तिथं पांढरे ठिपके राहिले, झाली चमचम. एवढंसं काम, अर्ध्या मिनिटाचं, आणि आमच्या बॅचनं एकदम टाळ्या. मी लगेच करायला गेले तर ब्रशमध्ये पाणी जास्त, सगळा डाग. तो कोरडेपणा हातात यायला वेळ लागतो.

होड्यांचं पण असंच. आडवा इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, थोडा लांबट, आणि त्यावरून होडीच्या कडा पकडायच्या, पुढचं टोक आणि मागचं टोक आपोआप पर्स्पेक्टिव्हमध्ये येतं. पण होडी गप्प बसत नाही ना. ओहोटीला चिखलात एका कुशीवर कललेली होडी मी अगदी मन लावून ड्रॉइंग केली, रंगात गेले, आणि पाणी चढायला लागलं तशी बाई सरळ झाल्या, मग तरंगायला लागल्या, मग वाऱ्याबरोबर नांगराभोवती फिरून माझ्याकडे पाठ! मॅडम म्हणे, "होडी आधी, बाकीचं मागाहून, समुद्र कुठं जात नाही."

आता मुद्द्याची तक्रार. उजेड चांगला कधी असतो? सूर्य खाली असतो तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. तेव्हा सावल्या लांब पडतात, कड्याला आकार येतो, पाणी रंग घेतं. आणि हॉटेलात नाश्ता कधी मिळतो? आठ ते साडेनऊ. मग गाडी, मग सामान उतरवा, मग जागा शोधा, कागदाला पहिला ब्रश लागेपर्यंत साडेदहा. तोपर्यंत ऊन डोक्यावर यायला लागलेलं, समोर सगळं सपाट, कड्याचा नुसता पुठ्ठा. संध्याकाळी परत तेच, आकाशात आत्ता कुठे गंमत सुरू झालीये आणि ड्रायव्हरदादा हॉर्न मारतायत, कारण जेवणाची वेळ ठरलेली. दादांचा दोष नाही, त्यांना जे सांगितलंय ते ते करणार. पण लँडस्केपच्या वर्कशॉपमध्ये चांगला उजेड असतानाच आपण डायनिंग हॉलमध्ये, याला काय म्हणावं. मॅडमनी एकदा सगळ्यांना विचारून पहाटे अंधारात पायी नेलं, हॉटेलच्या मागच्याच खडकांवर, चहासुद्धा न घेता. मी केलेल्या सगळ्या चित्रांतलं फ्रेम करण्यासारखं एकमेव चित्र त्या सकाळचं आहे. आणि ते पॅकेजमध्ये नव्हतंच!

भरती-ओहोटीचाही कुणी विचार केलेला नव्हता. छापील कार्यक्रमात खडकाळ किनाऱ्याला रोज एकच वेळ. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, हे तिथल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारलं तरी सांगेल. सुरुवातीला छान ओहोटी मिळाली, डबकी, शेवाळलेले खडक, त्यात आकाश, सगळं. नंतर नंतर त्याच वेळेला जाऊन बघतो तर खडक पाण्याखाली, बसायला जागा नाही, पाठीमागं भिंत. मग अर्धा तास नुसता कुठं बसायचं यात गेला. भरतीचा तक्ता बघून कार्यक्रम छापायला असा किती वेळ लागतो हो?

सामानाबद्दल थोडं, कारण माहितीपत्रकात लिहिलेलं आणि प्रत्यक्ष लागलेलं यात फरक आहे. ईझल, म्हणजे चित्र टेकवायचे स्टँड, त्यांनी दिले, हलके, घडीचे, उचलायला बरे पण वाऱ्यात थरथरतात. मधे हुक असतो त्याला दगडांची पिशवी लटकवली की जमतं, पण हे कुणी सांगत नाही, दोघातिघांचे आडवे झाल्यावर कळतं. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणि शक्यतो ब्लॉकमधला, म्हणजे कडा चिकटवलेल्या गठ्ठ्यातला न्या, बोर्डला टेप मारत बसलात तर वाऱ्यात कागदाचा पतंग होतो. साइज क्वार्टर इम्पीरियल म्हणजे 11 बाय 15 इंच पुरे, त्याहून मोठा दोन तासांत संपत नाही. पहाटे हवा इतकी दमट की वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, वाळता वाळत नाही आणि दुपारी ऊन-वारा मिळून ब्रश टेकायच्या आत वाळतो, त्यामुळे फवाऱ्याची छोटी बाटली हवीच. एका मुलीनं भांड्यात समुद्राचंच पाणी घेतलं, मॅडमनी ओतून टाकायला लावलं, मीठ कागदात राहतं आणि नंतर ओल धरतं म्हणून.

गॉगल लावून रंगवू नका, त्यातून पोलराइज्ड तर अजिबात नको, तो पाण्यावरची चमकच खाऊन टाकतो आणि आपण तर तीच रंगवायला आलोय. टोपी घाला, मोठ्या काठाची. छत्री न्यायची तर पांढरी किंवा करडी, मी रंगीत न्यायची म्हणत होते, मॅडमनी आधीच फोनवर नको सांगितलं, लाल छत्रीखाली कागद गुलाबी दिसतो आणि मग घरी येऊन चित्र हिरवटलेलं का वाटतंय ते कळत नाही. कागदावर थेट ऊन असेल तर आणखी एक फसवणूक, सगळं उजळ दिसतं म्हणून आपण गडद करत जातो आणि खोलीत आणल्यावर चित्र काळवंडलेलं. कागद सावलीत, विषय उन्हात, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

ऑइलवाल्यांची, म्हणजे तैलरंगात काम करणाऱ्यांची, जरा पंचाईत झाली. तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, ज्वलनशील असतं, त्यामुळे विमानानं आलेल्यांनी आयोजक देतील म्हणून आणलं नाही आणि आयोजकांना वाटलं लोक आणतील. एक दिवस त्यात गेला. शिवाय ओल्या ऑइलवर वाळू बसते ती निघत नाही, त्यावर एकजण छान बोलला की मोनेनं 1870 साली फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर काढलेलं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे त्याच्याही रंगात वाळूचे कण सापडलेत, आपलं चालायचंच. तसं बघितलं तर आपण नशीबवान, 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबायच्या पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं त्याआधी लोक डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत रंग घेऊन हिंडायचे. ट्यूबचं झाकण घट्ट झालं म्हणून रडणाऱ्यांनी, म्हणजे मी, हे लक्षात ठेवावं.

रात्रीची चर्चा चांगली होती पण घाईची. बॅच मोठी, एकेकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. मॅडम कुणालाच नुसतं छान-छान म्हणून सोडत नाहीत. माझ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, क्षितिज बरोब्बर मधोमध आलंय, आकाशाचं चित्र करायचंय की पाण्याचं ते ठरवा, आणि तिथं कडक रेघ मारलीये ती ओल्या ब्रशनं मऊ करा. एवढं एक वाक्य आणि दुसऱ्या दिवशीची सगळी चित्रं सुधारली. असं प्रत्येकाला हवं होतं. 'नवशिक्यांसाठीही' असं जाहिरातीत लिहिलंय ते मात्र अर्धंच खरं धरा. ज्यांनी कधी साधा सपाट वॉश घातलेला नाही त्यांची वारा, ऊन, माशा, बघे लोक या सगळ्यात फार ओढाताण झाली, दोघी तर शेवटी फोटो काढून खोलीत जाऊन रंगवत होत्या. आधी घरी थोडा हात बसवून जा.

सोबत चित्र न काढणारं माणूस नेणार असाल तर नीट विचार करा. माझ्याबरोबर ताई होती, तिला म्हटलं होतं तुलाही समुद्र मिळेल. तिच्यासाठी वेगळा कार्यक्रम म्हणजे एक चक्कर लाइटहाऊसपर्यंत, तीही बंद दारापर्यंत, बाकी वेळ आम्ही बसलेलो आणि ती आमच्या पिशव्या राखतेय. पैसे जवळजवळ माझ्याएवढेच घेतले. ताई म्हणाली, "पुढच्या वेळी मला ब्रश तरी दे नाहीतर घरी तरी ठेव."

एकूण पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन मॅडमचे. बुकिंग करायच्या आधी फोन करून विचारा की सकाळी पहिला ब्रश किती वाजता लागतो, बॅचमध्ये किती जण, भरतीचा तक्ता बघितलाय का, आणि पाऊस आला तर काय, कारण आमच्याकडे त्याला उत्तर 'हॉटेलची गॅलरी' असं होतं आणि गॅलरीतून पार्किंग दिसत होतं. मी फीडबॅकच्या फॉर्ममध्ये लिहिलंय की नाश्ता डब्यात बांधून द्या, गाडी साडेपाचला काढा, मी दुसऱ्याच दिवशी परत नाव नोंदवते. आयोजकांचं उत्तर आलंय, सूचना उत्तम आहे, किचनला विचारून सांगतो.