गॅलियम आर्सेनाइड, सिलिकॉन की इंडियम अँटिमोनाइड: स्पिनच्या प्रयोगांसाठी काय निवडावे?

अर्धवाहकांच्या नॅनोरचनांमधील इलेक्ट्रॉनच्या वहनावर पीएचडी करायची ठरवली की पहिला प्रश्न पदार्थाचा येतो, आणि तो लोकप्रियतेवरून न सोडवता आपल्याला नेमके काय मोजायचे आहे यावरून सोडवावा.

वहनाचा अभ्यास करायचा असेल, तर गॅलियम आर्सेनाइडला आजही तोड नाही. ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडसोबतच्या त्याच्या सीमेलगत द्विमितीय इलेक्ट्रॉन वायू, म्हणजे एकाच प्रतलात मोकळेपणाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा थर, तयार होतो आणि अतिशीत तापमानाला, उत्तम नमुन्यांत, त्याची गतिशीलता (विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचे माप) एक कोटी चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदाच्या पुढे जाते. अशा नमुन्यावरील दोन गेटना, म्हणजे पृष्ठभागावरील धातूच्या बारीक पट्ट्यांना, ऋण व्होल्टेज देत मधली वाट अरुंद केली, की वाहकता सलग न घटता सुमारे ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या पायऱ्यांनी उतरते. डेल्फ्ट आणि केंब्रिज येथील गटांनी १९८८ मध्ये हे दाखवले. विद्यार्थ्याने हा आलेख एकदा तरी स्वतः काढावा, असे मला मनापासून वाटते.

मात्र याच पायऱ्या स्पिननुसार (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकीय गुणधर्मानुसार) दुभंगलेल्या पाहायच्या असतील तर अडचण येते. गॅलियम आर्सेनाइडचा जी-गुणांक (चुंबकीय क्षेत्रात स्पिनपातळ्या किती दुभंगतात ते सांगणारा अंक) उणे ०.४४ इतका लहान आहे, त्यामुळे एक टेस्ला क्षेत्रातही दोन स्पिनपातळ्यांमध्ये जेमतेम २५ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर पडते, तर ४.२ केल्विनला औष्णिक ऊर्जाच सुमारे ३६० असते. इंडियम अँटिमोनाइडचा गुणांक उणे ५० च्या आसपास असल्याने तेथे हेच अंतर तीन मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात जाते. शिवाय त्यातील स्पिन-कक्षा युग्मन (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांतील दुवा) प्रबळ असते, म्हणून स्पिन विद्युतक्षेत्राने वळवता येतो. पण त्याच युग्मनामुळे विद्युत गोंगाटही स्पिनपर्यंत पोहोचतो.

स्पिन दीर्घकाळ टिकवून त्याचा क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक) करायचा असेल, तर माझे मत सिलिकॉनच्या बाजूने आहे. गॅलियम आणि आर्सेनिकच्या सर्व स्थिर समस्थानिकांच्या अणुकेंद्रांना स्पिन असतो, आणि क्वांटम डॉटमधील (गेटनी कोंडलेल्या सूक्ष्म जागेतील) एकट्या इलेक्ट्रॉनला अशा लाखो अणुकेंद्रांचे बदलते क्षेत्र सोसावे लागते. हार्वर्डमधील २००५ च्या प्रयोगात त्याची कलासुसंगती (स्पिनची क्वांटम अवस्था टिकून राहणे) सुमारे १० नॅनोसेकंदांत विरली होती. स्पंदांच्या योग्य मालिकेने हा काळ वाढवता येतो, परंतु मूळ कारण पदार्थातच राहते. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये स्पिन असलेले समस्थानिक, सिलिकॉन-२९, केवळ ४.७ टक्के असते व ते वेगळे काढता येते. अशा शुद्ध सिलिकॉनमध्ये २०१४ मध्ये तोच काळ १२० मायक्रोसेकंद मोजला गेला.

याची किंमत रचना घडवताना मोजावी लागते. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमान (स्फटिकात फिरताना त्याचे जाणवणारे वस्तुमान) गॅलियम आर्सेनाइडच्या जवळपास तिप्पट असल्याने डॉट लहान आणि गेट अधिक बारीक लागतात, आणि व्हॅली पातळ्यांमधील (सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यात एकाहून अधिक किमान बिंदू असल्याने पडणाऱ्या पातळ्यांमधील) अंतर एका डॉटहून दुसऱ्या डॉटमध्ये बदलत राहते. त्यामुळे बारीक गेट भरवशाने घडवणारी इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी कोरण्याचे तंत्र) हाताशी नसेल, तर सिलिकॉनचा हट्ट न धरता गॅलियम आर्सेनाइडवर वहनाचाच प्रश्न घ्यावा.