तीन दिवसांचं बुकिंग आणि जेवणाबद्दल एक शब्द नाही

लिहू की नको करत बरेच दिवस गेले, लाज वाटत होती खरं तर. पण ज्या मेसेजने मला कार्डाच्या पैशांत फसवलं, डिट्टो तसाच परवा ओळखीतल्या एका शेफला आला आणि तो मलाच विचारायला लागला, ताई, मोठी ऑर्डर आहे, घेऊ ना? म्हटलं आता लाज गुंडाळून ठेवायची आणि सगळं सांगून टाकायचं.

मी फिरती प्रायव्हेट शेफ आहे. म्हणजे स्वतःचं हॉटेल वगैरे काही नाही, लोक सुट्टीसाठी घर भाड्याने घेतात किंवा घरातच काही मोठं असतं, मी माझ्या सुऱ्या घेऊन तिथे जाते, बाजार करते, रांधते, वाढते आणि ओटा पुसून निघते. (विमानात सुऱ्या केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इन बॅगेतच टाकाव्या लागतात आणि पट्ट्यावर बॅग दिसेपर्यंत जीव टांगणीला.) पैसे ठीकठाक मिळतात पण खरं सुख म्हणजे नव्या ठिकाणी पहाटे बाजारात जायचं, हे चाख ते चाख करत फिरायचं, आणि तिथेच मेनू अर्धा बदलायचा. खाण्याची हौस नसती तर हे काम कधीच सोडलं असतं, कारण परका ओटा म्हणजे रोज नवी परीक्षा, ओव्हन 180 दाखवतो आणि आत 210 असतात.

तर मेसेज आला. कुटुंबाचं गेट-टुगेदर, 22 माणसं, तीन दिवस, दोन्ही वेळचं जेवण. घराचे फोटो, पत्ता, सगळं व्यवस्थित. फक्त फोनवर बोलता येणार नाही, कानाचं ऑपरेशन झालंय, मेसेजवरच बोलू. मला उलट वाईटच वाटलं बिचाऱ्याचं.

मी नेहमीचे प्रश्न पाठवले. कुणाला कशाची ऍलर्जी, लहान मुलं किती, शेगड्या किती, फ्रीजमध्ये जागा किती. उत्तर आलं, ऍलर्जी कुणालाच नाही, तुम्हाला आवडेल ते करा, टोटल किती होईल, कार्ड घेता ना?

इथेच थांबायला हवं होतं मी. अहो, सहा जणांच्या टेबलवरसुद्धा एकाला दूध चालत नाही, एकाला शेंगदाणे चालत नाहीत आणि एखाद्या काकांना मशरूम नुसतं बघवत पण नाही, आणि इथे 22 माणसं सगळी सर्वभक्षी? शेफ बोलावणारी माणसं खाण्याबद्दल किती बोलतात हे ज्याने हे काम केलंय त्याला माहितीये. एका बाईंनी मला त्यांच्या मुलाच्या सूपमध्ये तुकडे आलेले चालत नाहीत यावर दोन मोठे व्हॉइस मेसेज पाठवले होते. या माणसाला गोड काय असेल हे सुद्धा विचारावंसं वाटलं नाही. पण आकडा मोठा होता, महिना रिकामा होता, आणि मी घासाघीस न करणारा क्लायंट मिळाला म्हणून खूश.

मग म्हणाला की पूर्ण रक्कम आत्ताच देतो, त्यात पाहुण्यांना आणणाऱ्या गाडीवाल्याचे पैसे पण घ्या, तो कार्ड घेत नाही, तेवढे तुम्ही त्याच्या खात्यावर पाठवा, तुम्हाला त्रासाबद्दल वेगळं देतो. गाडीवाल्याचा आकडा माझ्या फीपेक्षा जास्त होता, बघा. त्याने कार्डांचे नंबर मेसेजवर पाठवले आणि मी ते हाताने टाकले. पहिलं कार्ड डिक्लाइन, दुसऱ्यावर अर्धे गेले, तिसऱ्यावर उरलेले. एका माणसाकडे तीन कार्डं असतात की, असं मीच मला समजावलं. दोन दिवसांत पैसे खात्यात दिसले आणि मी शहाणीने गाडीवाल्याला ट्रान्सफर करून टाकले.

आदल्या दिवशी स्टॉक, म्हणजे हाडांचा अर्क, केला. हाडं तांबूस होईस्तोवर भाजली, मग आठ तास मंद आच, उकळी फुटू द्यायची नाही नाहीतर गढूळ होतो, मग गाळून आटवून आटवून एवढासा डबा. थंड झाल्यावर जेलीसारखा थरथरत होता, चमचा मारला तर स्वच्छ खाच पडली. असा स्टॉक झाला की मला दिवसभर कुणाशी भांडावंसं वाटत नाही.

बर्फाचा डबा, सुऱ्या, बाजाराच्या पिशव्या घेऊन दारात उभी राहिले. एका आजोबांनी दार उघडलं, माझ्या पिशव्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही तिसऱ्या. आधी एक फोटोग्राफर येऊन गेला, परवा एक मुलगा केक घेऊन आलेला. त्यांचं घर विकायला काढलेलं, फोटो त्या जाहिरातीतले. आजोबांनी पाणी दिलं, मला तर उभं राहवेना.

तेव्हासुद्धा वाटलं, पैसे तर माझ्याकडेच आहेत. पाच आठवड्यांनी दोन्ही व्यवहार उलटले, म्हणजे पैसे माझ्या खात्यातून परत काढून घेतले गेले, यालाच चार्जबॅक म्हणतात. कार्डं चोरीची होती. कार्ड टाकल्यावर अप्रूव्ह्ड दिसतं त्याचा अर्थ इतकाच की त्या क्षणी बँकेने हो म्हटलं, खरा मालक नंतरही हरकत घेऊ शकतो, साधारण 120 दिवसांपर्यंत. आणि कार्ड समोर नसताना नंबर हाताने टाकलेला असेल तर भुर्दंड आपल्यावर. म्हणजे फी गेलीच, गाडीवाल्याला पाठवलेले माझ्या खिशातून गेले, वर चार्जबॅकचा दंड, तिकीट, सामान. गाडीवाला अर्थात तोच. बँकेत तक्रार केली, पोलिसांत दिली, पण ट्रान्सफर केलेले पैसे पहिल्या काही तासांतच अडवता आले तर येतात, मी तर दीड महिन्याने जागी झालेली.

आता मी व्हिडिओ कॉलवर किचन बघितल्याशिवाय तारीख देत नाही. नंबर कुणाचाच हाताने टाकत नाही, पैसे भरायची लिंक पाठवते, ज्याचं कार्ड त्याने ओटीपी टाकायचा. आणि कुणी जास्त पाठवले तर ते त्याच कार्डावर रिफंड, तिसऱ्या कुणाच्या खात्यावर एक पैसा नाही, मग तो गाडीवाला असो, डेकोरेशनवाला असो की फुलवाला. त्या शेफला म्हटलं, त्यांना विचार, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चावायला काय जमतं. उत्तर आलं, सगळं चालतं, कार्ड घेता ना?

स्टॉकचं म्हणाल तर त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत एकच शेगडी होती, त्यावर थोडा गरम केला, मीठ घातलं आणि पावाबरोबर प्यायले. रडत रडत प्यायले, पण झाला फार भारी होता.