जॉर्ज ड्यूकचा 'ड्रीमवीव्हर': काही महिने सतत ऐकल्यावर

अमेरिकन जॅझ-फंक कीबोर्डवादक जॉर्ज ड्यूकच्या या शेवटच्या स्टुडिओ अल्बमबद्दल कुठेही वाचलं तरी आधी तारखा समोर येतात. 'ड्रीमवीव्हर' 16 जुलै 2013 ला आला आणि 5 ऑगस्टला ड्यूक लॉस एंजेलिसमध्ये वारला. रक्ताचा कर्करोग, वय 67. साहजिकच ऐकणारा त्यात निरोप शोधत बसतो. गेल्या पावसाळ्यापासून हा अल्बम माझ्या घरात वाजतोय आणि आता माझं मत पक्कं झालंय: निरोप म्हणून ऐकलात तर यातलं निम्मं हाताला लागत नाही. हा पुन्हा कामाला लागलेल्या माणसाचा अल्बम आहे.

त्याची पत्नी कोरीन जुलै 2012 मध्ये वारली. त्यानंतर बराच काळ त्याला काही सुचेना, वाद्याकडे जावंसंही वाटेना. मग एका जॅझ क्रूझवर, म्हणजे जॅझ मैफिलींच्या जहाजसफरीवर, गेलेला असताना, तिथे जहाजावरच सुरावटी सुचायला लागल्या. एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. 'मिसिंग यू' ऐकताना कोण आठवायचं ते वेगळं सांगायला नको. पण त्याच्या आधी 'अ‍ॅशट्रे' नावाचं धमाल फंक (ठेक्यावर आणि बेसवर चालणारं नाचरं संगीत) येतं, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत यावर विश्वास बसतो. दुःख आणि मस्ती त्याने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली नाहीत.

पहिल्या काही आठवड्यांत मी बहुतेक वेळा 'स्टोन्स ऑफ ओरायन'च लावत होतो. इथे स्टॅन्ली क्लार्क उभा बेस (खालच्या सुरांचं मोठं, उभं धरायचं तंतुवाद्य) वाजवतो. या दोघांनी 1981 मध्ये 'क्लार्क-ड्यूक प्रोजेक्ट' काढला होता, त्यातलं 'स्वीट बेबी' अमेरिकेत भरपूर गाजलं. इतक्या वर्षांची सोबत असलेले दोन वादक एकमेकांना जागा कशी देतात, ते इथे ऐकावं. कोणालाच घाई नाही.

आता सिंथेसायझरबद्दल, कारण माझ्यासारखी कीबोर्ड वाजवणारी माणसं ड्यूककडे त्यासाठीच येतात. तो मुळात पियानोचा माणूस. 1967 ला सॅन फ्रान्सिस्को कॉन्झर्व्हेटरीतून शिकून बाहेर पडला, पुढे सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीसोबत वाजवलं. सिंथकडे त्याला वळवलं रॉक संगीतकार फ्रँक झप्पाने. तिथून त्याचा डावा हात पिच-बेंडवर (सूर वर-खाली ओढणाऱ्या चाकावर) असा बसला की एका सुरावरून दुसऱ्यावर तो सरळ उडी मारत नाही, ओढत जातो. आपल्याकडे पेटीवर मींड निघत नाही ही जुनीच तक्रार आहे. ड्यूक पट्ट्यांच्या वाद्यावर गळ्यासारखी मींड काढतो. 'ब्राउन स्नीकर्स'मध्ये हेडफोन लावून फक्त ते ओढलेले सूर ऐका. काही ठिकाणी तो वरच्या सुरापर्यंत पूर्ण पोचतच नाही, किंचित खाली थांबतो, आणि तेच कानात राहतं. मी हे माझ्या साध्या कीबोर्डवर करून पाहतोय. चाक फिरवणं सोपं आहे, कुठे थांबायचं ते कठीण.

अल्बमचा जीव मात्र 'बर्न्ट सॉसेज जॅम'मध्ये आहे. जवळजवळ पंधरा मिनिटं, चार माणसं: ड्यूक, बेसवर क्रिश्चन मॅकब्राइड, ड्रम्सवर जॉन रॉबर्ट्स, गिटारवर जेफ ली जॉन्सन. सुरुवातीला मला हे लांबलेलं वाटायचं. आता हेच सर्वात जास्त लावलं जातं. ठरवून बांधलेलं फारसं काही नाही. एकजण काहीतरी सुचवतो, दुसरा उचलतो, मधेच सगळे थोडे विस्कळीत होतात आणि पुन्हा ठेक्यावर येतात. ते विस्कळीत होणंही ठेवलंय याबद्दल मला ड्यूकचे आभार मानावेसे वाटतात. जेफ ली जॉन्सन अल्बम बाहेर येण्याआधीच, जानेवारी 2013 मध्ये गेला. त्याचं गिटार खरखरीत, हट्टी आहे, सुरेल सजावटीला अजिबात न जुमानणारं. त्याचे स्वतःचे अल्बम शोधून ऐकावेत असं वाटायला लागलं ते या जॅममुळेच.

'बॉल अँड चेन'मध्ये टीना मरी गाते. ती डिसेंबर 2010 मध्येच गेली होती. तिला लोक आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गायिका म्हणून ओळखतात. इथे ती जॅझच्या अंगाने गाते आणि शब्द इतके सावकाश सोडते की तिने या वाटेवर आणखी गायला हवं होतं अशी हुरहूर लागते.

सगळंच आवडलं असं नाही. 'चेंज द वर्ल्ड'मध्ये जेफ्री ऑस्बॉर्न, बीबी वायनन्स, लेला हॅथवे अशी मोठी मंडळी आहेत. ऑस्बॉर्नचे सुरुवातीचे सोलो अल्बम ड्यूकनेच घडवले होते, त्यामुळे हे एकत्र येणं मनापासूनचं आहे हे कळतं. तरी सगळ्यांना एकेक ओळ देता देता गाणं पुढे सरकत नाही. 'राउंड द वे गर्ल' ऐंशीच्या दशकातल्या रेडिओसाठी केल्यासारखं वाटतं, मी ते बहुतेक वेळा पुढे ढकलतो. दोन छोटे 'ट्रान्झिशन' तुकडे सलग अल्बम ऐकताना शोभतात; शफलवर मधेच आले तर अर्थ राहत नाही. एकूण अल्बम तासाभराहून बराच मोठा आहे, आणि दोन-तीन गाणी गाळली असती तर तो अधिक नेटका झाला असता.

ऐकायचं कशावर, हेही सांगतो. फोनच्या किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर 'अ‍ॅशट्रे'चा खालचा बेस गायबच होतो आणि उरतं ते साधंसं फंक. बरे हेडफोन किंवा चांगला बेस देणारे स्पीकर हवेतच. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, मोठ्या आवाजातही कानाला टोचत नाही.

शुद्ध जॅझ, म्हणजे पियानो-बेस-ड्रम्स एवढंच हवं असणाऱ्यांनी हा अल्बम घेऊ नये. फंक, सोल, गॉस्पेल आणि जॅझ एका घरात नांदलेलं ज्यांना चालतं त्यांनी जरूर घ्यावा. ड्यूक पूर्ण नवा असेल तर आधी त्याचा 'अ ब्राझिलियन लव्ह अफेअर' ऐका, मग इथे या. आणि इथे आल्यावर पहिल्या ट्रॅकपासून सुरू न करता थेट त्या पंधरा मिनिटांच्या जॅमपासून करा. बाकीची गाणी मग आपोआप उलगडत जातात.